पिवळ्या दिव्याचं गाऱ्हाणं

जामसंड्याहून आम्ही अकराला निघालो. मागच्या सीटवर माझी पेटी, तिच्यावर सीताबाईंची कापडी पिशवी, आणि पुढे माझ्या शेजारी स्वतः सीताबाई. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले, आवाज मात्र अजून देवळाच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचणारा. वेंगुर्ल्याच्या दत्तमंदिरात जन्माचं कीर्तन त्या करतात, पेटीवर मी, गावात पेटी शिकवणारा मास्तर, असतो. त्यांना नेणं-आणणंही माझ्याकडेच. यंदाचं अकरावं वर्ष.

रामाचा जन्म भर दुपारी, कृष्णाचा मध्यरात्री, तसा दत्ताचा मावळतीला. कीर्तनकाराने आख्यान असं ओढत न्यायचं की तिकडे सूर्य टेकला आणि इकडे कथेत बाळ जन्मलं, दोन्ही एकाच टाळीवर. चारला उभं राहिलं तरच हे साधतं. उशीर झाला तर सूर्य काही कोणासाठी थांबत नाही.

नांदगावचा तिठा सोडून हायवेला लागलो आणि गाडीच्या काट्यांच्या मधोमध तो पिवळा दिवा पेटला. इंजिनाच्या आकाराचा.

मला तो नवीन नव्हता. आठवड्यापूर्वीही लागला होता. तेव्हा एका गॅरेजवाल्याने काहीतरी दाबून विझवला आणि म्हणाला, "सेन्सर गेलाय. पार्ट कोल्हापूरहून मागवावा लागेल." दिवा विझला तसा मीही विसरलो. बाईंना काही बोललो नव्हतो.

"हे काय पेटलं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. जुनी गाडी. पंधरावं वर्ष लागलं तिला."

"मला अठ्ठ्याहत्तरावं लागलंय. माझ्या तोंडावर कुठे दिवा पेटतो?"

कसालच्या बाजारात गतिरोधकावर गाडी हळू केली तशी ती घुसमटली आणि बंदच पडली. पुन्हा सुरू केली तर अंगात आल्यासारखी थरथरायला लागली. एक वाजला होता. नाक्यावर दुसऱ्या गाडीची चौकशी केली तर एक म्हातारा पानवाला मागच्या सीटवरची पेटी बघून हसला. "गुरुजी, आज लग्नाचो मुहूर्त. कसालातली सगळी चाकां वऱ्हाडात." मग त्यानेच मागच्या आळीतलं गॅरेज दाखवलं. "सारिकाकडे जावा. तिच्याकडे मशीन आसा."

पत्र्याच्या शेडमधून तिशी-बत्तिशीची एक बाई हात पुसत बाहेर आली. अंगात सलवार-कमीज, वर पुरुषी शर्ट. तिने आधी बॉनेट उघडलं नाही. माझ्याकडेच बघून विचारलं, "दिवो लुकलुकता काय पेटून रवता?"

"पेटून राहतो."

"मगे घाबरू नुको. लुकलुकलो असतो तर गाडी थंयच उभी करूची. खंय जातास?"

मी सांगितलं. दत्तजयंती, चार वाजता, सूर्यास्त. तिने शेडच्या दारातून उन्हाकडे पाहिलं आणि सीताबाईंसाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. बाई काही सावलीत बसायला तयार होईनात. खुर्ची बॉनेटजवळच मांडायला लावली.

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी, एक सॉकेट असतं हे मला पंधरा वर्षांत माहीत नव्हतं. सारिकाने त्यात वायर खोचली. दुसऱ्या टोकाला पाटीएवढं मशीन. त्याच्यावर अक्षरं उमटली आणि तिने मोठ्याने वाचली. "पी, शून्य, एक, सात, एक."

"म्हणजे काय गं?" बाई पुढे झुकल्या.

"मिश्रण पातळ झालां. वारो जास्त, पेट्रोल कमी."

"सेन्सर बदलायला सांगितलाय," मी म्हणालो.

"कोणी? सेन्सर बिचारो सांगता की मिश्रण पातळ आसा. म्हणजे जेणां गाऱ्हाणां घातल्यान, तेकाच गावाबाहेर काढूचो?"

बाई खुदकन हसल्या. आमच्याकडे देवापुढे उभं राहून मोठ्याने आपली फिर्याद मांडतात ते गाऱ्हाणं. घालणारा गावाचं दुखणं सांगतो, ते त्याचं स्वतःचं नसतं. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. आठवडाभर मी गाऱ्हाणं बंद करून समाधानात फिरत होतो.

"मग दुखणं कुठे आहे, ते नाही का सांगत ते मशीन?" बाईंनी विचारलं.

"नाय आजी. तां आपण इचारूचां. कौल लावतंत तसा. प्रश्न नेमको व्हयो. 'माझां बरां होतला काय' असां इचारल्यार देव तरी काय सांगतलो?"

कौल म्हणजे मूर्तीला कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवायचे आणि एकेक प्रश्न घालायचा. उजवीकडचा कळा पडला तर होय, डावीकडचा पडला तर नाही. सारिकाचा पहिला प्रश्न असा होता: वारा जास्त शिरतोय का? नाही आलं तर पेट्रोल कमी येतंय. मशीनवर एक आकडा दिसत होता. गाडीचा कॉम्प्युटर मिश्रण सावरायला किती टक्के पेट्रोल जादा ओततोय, त्याचा. गाडी नुसती उभी असताना तेवीस.

"गुरुजी, आता पाय दाबून ठेवा. काटो अडीच हजारावर."

इंजिन ओरडायला लागलं. आकडा उतरू लागला. अठरा. बारा. सात.

"उजवो कौल!" सारिका म्हणाली. "पेट्रोल कमी येय होतां तर धावताना हाल जास्त झाले असते. हयसर उलटां. उभ्या इंजिनाची भूक थोडी, तेच्यात भोकातलो वारो लय. धावताना तोच वारो कोणाक कळाचो नाय."

"कळलं!" बाईंनी मांडीवर थाप मारली. "गवई संथ आलापात असला की श्रोत्यांमधला खोकला सगळ्यांना ऐकू येतो. द्रुत लय चालू झाली की कोण किती खोकतंय, पत्ता नाही."

सारिका त्यांच्याकडे बघतच राहिली. "आजी, माझ्याकडे कामाक येतास काय?"

"गुडघे दे, येते."

आता भोक शोधायचं होतं. इंजिनाच्या वर काळ्या रबरी नळ्यांचं जाळं, कुठली तरी एक फाटलेली. हाताने दाबून, कान लावून सारिकाने दहा मिनिटं घालवली. बारीक फुसफुस ऐकू येत होती, पण पंख्याच्या आवाजात जागा सापडेना. गळती शोधायला फवारायचा तिचा डबा नेमका संपलेला होता. नवा आणायचा तर दुकान अडीचला उघडणार. माझी नजर पुन्हा पुन्हा घड्याळाकडे जात होती. दोनला दहा मिनिटं कमी.

"धूर चालेल का?" बाई म्हणाल्या.

"चालात. पण धूर खंयसून आणू?"

बाईंनी मला पिशवी आणायला लावली. झांजा, उपरणं आणि नारळाखालून उदबत्तीचा पुडा काढला. "दत्तासाठीच आणल्यात. तो आधी इथे घेईल."

सारिकाने पेट्रोलचा वास कुठे येत नाही ना हे खाली वाकून दोनदा तपासलं, वाळूची बादली जवळ ओढली, आणि मगच उदबत्ती पेटवली. चालू इंजिनावर ती पूजा करणाऱ्यासारखी हळूहळू हात फिरवू लागली. धूर सरळ वर जात होता, पंख्याच्या वाऱ्याने थोडा हलत होता. एक नळी झाली. दुसरी झाली. आम्ही तिघंही त्या रेघेकडे बघत होतो. आख्यान रंगात आलं की सभा जशी श्वास धरते, तशी त्या शेडची अवस्था झाली होती.

तिसऱ्या नळीच्या टोकाजवळ धूर वाकला. आधी आडवा झाला, मग कोणीतरी सुरकन ओढून घ्यावा तसा आत गेला.

सारिकाने तिथे बोट ठेवलं. थरथर थांबली. गाडी कुरबुर न करता एका लयीत चालू लागली. बोट काढलं, पुन्हा अंगात आलं. बाईंनी तिला तीनदा तसं करायला लावलं.

इंजिन बंद करून सारिकाने नळी वळवली. रबरावर गोल, धारदार चीर होती. चिरीत रुतून बसलेला पारदर्शक धागा, आणि त्याला चिकटलेलं गोंड्याच्या, म्हणजे झेंडूच्या, फुलाचं वाळकं देठ.

"ह्यां तंगूस," ती म्हणाली. "मासे मारूचां. उंदीर नळये कुरतडतंत, पण उंदराक गाठ मारूक येता ह्यां माका म्हायत नव्हतां."

गाठ मी ओळखली. चार वाजताचं कीर्तन, देवळात भरलेली माणसं, आणि हे सगळं अडलेलं माझ्या दोन बोटांनी मारलेल्या गाठीपाशी. बाई माझ्याकडे बघत होत्या.

"मी बांधलंय," मी म्हणालो. "दसऱ्याला."

"इंजिनाच्या आत हार?" सारिकाला पटेना. "लोक भायर बांधतंत."

"बाहेरचा हार दुसऱ्या वळणावर पडतो आणि मागच्या गाड्या त्याच्यावरून जातात. निर्माल्य पायदळी येऊ नये, हे बाईंनीच एका कीर्तनात सांगितलेलं. म्हणून दरवर्षी आतच बांधतो. यंदा प्रितमने, माझ्या होडीवाल्या विद्यार्थ्याने, तंगूस दिला. म्हणाला, 'गुरुजी, ह्यां तुटाचां नाय.' फुलं मी चौथ्या दिवशी माडाच्या आळ्यात घातली. धागा म्हटलं राहू दे, पुढच्या वर्षाला होईल."

"आणि तुटलां नायच," सारिका म्हणाली. "दोन म्हयने करवतीसारखां चललां."

ती हसायला लागली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते देठ उचलून तळहातावर घेतलं.

"चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "निर्माल्य जपा म्हणून सांगितलं. पूजा झाली की बांधलेलं सोडायचंही असतं, ते सांगायचं राहूनच गेलं."

चीर नळीच्या अगदी टोकाशी होती, हे नशीब. सारिकाने तेवढा तुकडा कापला, उरलेली नळी ओढून बसवली, वर पट्टी आवळली. गाडी सुरू केली. मी आधी दिव्याकडे बघितलं. तो तसाच पेटलेला.

"तेका नुको बघू. आकडो बघा."

आकडा नऊ होता. मग सहा. मग चारावर येऊन टेकला. तेव्हा कुठे तिने मशीनवर बटण दाबून दिवा विझवला. "आता विझवूचो अधिकार आसा," ती म्हणाली. "फाटको तुकडो माका ऱ्हवांदे. गिऱ्हायकांक दाखवूक."

आणखी एक मागणं तिने केलं, जरा लाजत. तिची आजी दत्ताचा पाळणा म्हणायची. लग्न झाल्यापासून देवळात बसून ऐकायला सवड मिळाली नव्हती. "फोन चालू ठेवशात काय, पाळण्याच्या टायमाक?"

वेंगुर्ल्यापर्यंत मी रस्ता कमी आणि काट्यांची जागा जास्त बघितली. "समोर बघा, गुरुप्रसाद," बाई दोनदा ओरडल्या. पावणेचारला देऊळ गाठलं.

त्या दिवशीच्या पूर्वरंगात बाईंनी एका मास्तरांची गोष्ट सांगितली. दुखणं सांगणाऱ्याला गप्प करून सुखाने झोपणाऱ्या मास्तरांची. नाव घेतलं नाही, पण बोलताना झांज माझ्याकडे वळत होती. सभा हसत होती, आणि मी मान खाली घालून सूर धरून बसलो होतो.

मावळतीच्या दारातून ऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आलं आणि सरकलं. बाईंनी आवाज चढवला, घंटा वाजली, फुलं उधळली. पाळणा सुरू झाला. सारिकाला लावलेला फोन मी पेटीवर उताणा ठेवला होता. पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये पाना खाली पडल्याचा आवाज आला, मग अगदी हळू, बेसूर, पण शब्द न चुकवता कोणीतरी साथीला म्हणत होतं. कडवं संपलं तसा तोच आवाज कुजबुजला:

"गुरुजी, दिवो परत पेटलो काय ओ?"

"नाय गो," मी वाकून म्हटलं, आणि बोटं पट्टीवर यायला उशीर झाला.

"गुरुप्रसाद, सूर!" भर पाळण्यात सीताबाई ओरडल्या.