चालू राहिलेली इस्त्री

शर्यत सुरू झाली आणि शिंपिणीला एकदम आठवलं. दुकानातली इस्त्री चालूच राहिली होती, आणि मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेले वडील! त्यांच्याच हट्टापायी ती जन्मात पहिल्यांदा शर्यतीत उतरली होती. शर्यतीमुळे रस्ते बंद, वाहन मिळायची सोय नाही. ती जीव खाऊन पळत सुटली. पट्टीचे धावणारे एकेक करून मागे पडले. ती एवढी पळू शकते हे तिलाच ठाऊक नव्हतं. लोक टाळ्या पिटत होते.

“मेल्यांनो, टाळ्या कसल्या वाजवताय? घर पेटेल माझं!”

पण ऐकतंय कोण?

वळणावर शर्यत सोडून ती आपल्या गल्लीत शिरली, दुकानाचं दार ढकललं. वीज गेलेली, इस्त्री थंडगार.

वडिलांनी मान वळवली. चेहरा पडला.

“इतक्यात आलीस? म्हणजे धावलीच नाहीस.”