पाल्याखालची माती

थोरल्या लेकीने मक्याची धाटं काढली नाहीत की नांगर घातला नाही, तेव्हा शेजारीपाजारी पोट धरून हसले. शेत अंथरूण न आवरलेल्या खोलीसारखं दिसत होतं. त्याच धाटांतून तिला सोयाबीन पेरायचं होतं. बाबांनी एकच हंगाम दिला होता. उगवलं तर जमीन तिच्या पद्धतीने, नाहीतर नांगर, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.

जमीन भारी, चिकण. जास्त ओलीत पेरलं की पेरणीयंत्राने पाडलेल्या चिरेच्या कडा लिंपल्यासारख्या होतात, चीर मिटत नाही आणि बी उघडं पडतं. म्हणून सगळा खेळ दिवस निवडण्याचा. थोरली सगळं शिकली होती, यंत्र स्वतः जुळवलं होतं; पण वाफसा, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल, ओळखावा तो बाबांनीच. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती त्यांच्याकडेच गेली.

बाबांनी मूठभर माती दाबली, अंगठ्याने फोडून दाखवली. "झालाय वाफसा. पेर."

तिने पेरलं.

बाराव्या दिवशी ती गुडघ्यांवर बसून धाटं बाजूला करत होती. चिरा आ वासून पडलेल्या, बी कुजलेलं. दहा हातांत तीन रोपं. आपलंच काही चुकलं म्हणून ती स्वतःला शिव्या घालत होती, तेवढ्यात नांगर लावलेला ट्रॅक्टर आला.

"कोणी बोलावलं तुम्हाला?"

"बाबांनी," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "तारीख पेरणीच्या आदल्या दिवशीच दिली होती की. तुम्हाला ठाऊक नाही?"

बाबा मागून चालत आले होते.

"बाबा, त्या दिवशी माती कुठली दाबलीत?"

"कडेची. मोकळ्यावरची."

"पाल्याखाली ओल टिकते, माहीत नव्हतं तुम्हाला?"

"माहीत होतं," ते शांतपणे म्हणाले. "तोंड पोळल्याशिवाय तू ऐकणारी नाहीस. एक हंगाम गेला, पण खूळ तरी गेलं."

परक्याने असा केसाने गळा कापला असता, तर तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. इथे तिने कुजलेलं बी उचलून त्यांच्यासमोर धरलं.

"नाही म्हणायचं होतंत. भांडले असते, अबोला धरला असता. पण मी विचारायला तुमच्याकडेच आले होते, बाबा."

बाबांनी मान फिरवली आणि ट्रॅक्टरवाल्याला सुरू कर म्हणून हात केला.