शेवटचा पत्रा

टण!

अक्रोड कुटता कुटता दारिकोचा हात थांबला. भिंतीपलीकडे नवऱ्याची, एर्मिलेची हातोडी पुन्हा पडली. टण! मघापर्यंत थप-थप असा जाड आवाज येत होता. तांबं ठोकून कडक झालं की असं कोरडं वाजतं. मग ते विस्तवात लाल करून पाण्यात बुडवायचं, मऊ करायचं, नाहीतर फाटतं. कारागीर हे कानाने ओळखतो. एर्मिले थांबत नव्हता.

थांबेल कसा? त्याला ऐकूच येत नव्हतं. दारिकोला हे हिवाळ्यापासून ठाऊक होतं, पण ती मूग गिळून गप्प होती. दार वाजलं तरी हा गडी ढिम्म! कोणी काही विचारलं की "हो, हो" म्हणून मोकळा. या महिन्यात दोन पत्रे फाटले, तर शिव्या तांब्याला.

हा तिसरा, शेवटचा. रविवारी लेकीचं, नातेलाचं लग्न. तिच्या नव्या घराच्या भिंतीसाठी द्राक्षाच्या वेलीतून मान वर काढणारं हरीण घडत होतं. निम्म्या कुताइसी शहराच्या भिंतींवर एर्मिलेचं काम, आणि पोटच्या पोरीकडे नसावं? "हाही फाटला तर हातोडी रिओनी नदीत फेकतो," तो सकाळीच म्हणाला होता. आणि तो फेकणारा माणूस होता.

टण! टण!

सांगावं तर त्याचा पाणउतारा, न सांगावं तर हरीण जाणार आणि मागोमाग हाही खचणार. शेवटी ती उठलीच आणि त्याच्या कामाच्या खोलीत गेली.

पत्रा वाळूच्या उशीवर पालथा होता. हरणाचं नाक सगळ्यात खोल, तिथेच तांबं सगळ्यात पातळ. ती समोर उभी राहिली.

"एर्मिले, विस्तव दे त्याला."

"जेवण? नंतर येतो."

"अरे, तांबं कडक झालंय!"

या वेळी त्याने तिचे ओठ नीट वाचले. "बये, माझे केस काय उन्हात पांढरे झाले? चाळीस वर्षं ठोकतोय. तू तुझे अक्रोड बघ."

"ऐक ना जरा!"

"ऐकतोच आहे!" तो खेकसला आणि हातोडी उचलली.

दारिकोने हरणाच्या नाकावर पंजा ठेवला.

हातोडी बोटभर अंतरावर थांबली. एर्मिलेचा चेहरा पांढराफटक पडला.

"वेड लागलंय का? बोटं गेली असती!"

"जाऊ देत. पत्रा राहिला असता."

मग तो हळूच म्हणाला, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"हिवाळ्यापासून."

"नातेलाला?"

"कुणालाच नाही." तिने हात काढला नाही. ओठ स्पष्ट हलवत म्हणाली, "चाळीस वर्षं भिंतीपलीकडून तुझी ठोकठोक ऐकतेय, मेल्या. डोकं उठलं माझं, पण कान तयार झाले."

एर्मिलेला खूप वाईट वाटलं, लाजही वाटली. त्याने पत्रा विस्तवावर धरला, लाल केला, पाण्यात सोडला. चर्रर्र झालं. तो नुसती वाफ बघत होता.

पत्रा पुन्हा वाळूवर आला, तशी दारिको निघाली.

"कुठे चाललीस?" त्याने पायाने स्टूल पुढे सरकवलं. "बस. अशी समोर बस, तोंड दिसेल अशी."

थप. त्याने मान वर केली. तिने मान डोलावली. थप. पुन्हा वर बघितलं. काम करताना तांब्यावरची नजर त्याने आजवर कधी हलवली नव्हती.

अकरावा ठोका टण वाजला, तसा दारिकोने हात वर केला. काही न विचारता एर्मिलेने हातोडी खाली ठेवली.