चार बोटं आखूड पडदा

मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा नव्हे हो, देवळातला. नाटकाचा पडदा वर गेला की टाळ्या पडतात. माझ्यासमोरही लोक हात जोडून उभे राहायचे, पण मी कधी एकदा बाजूला होतो याची वाट पाहत! तरी मित्रांनो, मी कधी वाईट वाटून घेतलं नाही. देव आणि माणसं यांच्या मधोमध उभं राहायला मिळणं ही काय साधी गोष्ट आहे?

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. बाहेरून डाळिंबी रंगाचं जाड कापड, आतून पिवळं अस्तर, वर पितळी कड्या. शिंपी हाताचा चांगला, पण तोंडाला विसावा नाही. गप्पांच्या नादात त्यानं माप चुकवलं आणि मी चार बोटं आखूड झालो. गाभाऱ्याच्या दारात मला लावलं तर खाली फट! देवळाच्या कारभाऱ्यांचा पारा चढला. शिंपी म्हणाला, "असू द्या हो साहेब, देवाला जरा वारा लागेल." कारभाऱ्यांना हसू आलं आणि मी तसाच राहिलो.

आमचं देऊळ म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक लांबट खोली. खाली टायरचं दुकान आणि दातांचा दवाखाना. जिना चढून आलं की चपलांचं कपाट, मग सतरंज्या, मग मी आणि माझ्यामागे देव. डाव्या हाताला चिंचोळं स्वयंपाकघर. खालून हातोड्याचे घाव ऐकू यायचे, मधूनच दात काढलेल्या कुणाचं कण्हणं, आणि वर आमची घंटा. सगळं एकमेकांत छान मुरलेलं होतं.

पुजारीबुवा रोज सकाळी देवाला उठवायचे, अंघोळ घालायचे, धुतलेले कपडे नेसवायचे. तेवढा वेळ मी ओढलेला असायचो. पण माझं खरं काम दुपारचं, नैवेद्याचं. नैवेद्य रांधायची काकू. सगळे तिला काकूच म्हणत. बुवा तेवढे वहिनी म्हणायचे. भात, डाळ, एखादी भाजी आणि वाटीभर खीर, एवढाच थाट. पण नेम असा, की देवाआधी कुणी चव घ्यायची नाही. त्यामुळे मीठ अंदाजानं, तिखट अंदाजानं आणि काकूचा जीव रोज टांगणीला.

ती ताट घेऊन उंबऱ्यापर्यंत यायची. बुवा ताट आत घ्यायचे आणि मला सर्रकन ओढायचे. आत पाटावर ताट ठेवून ते भोवती पाणी फिरवायचे, भातावर तुळशीचं पान ठेवायचे. मग एक गंमत करायचे. देवाकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून, डोळे मिटून बसायचे. जेवणाऱ्याकडे टक लावून बघू नये म्हणून! मधूनच हळू आवाजात म्हणायचे, "सावकाश होऊ दे. घाई नाही." आणि बाहेर काकू कोरडेच हात पदराला पुन्हापुन्हा पुसत उभी असायची.

घंटा वाजली की मी बाजूला. बुवा ताट परत द्यायचे तेव्हा ती अगदी हळू विचारायची, "जेवला का?"

"जेवला की! भाजी अजून असती तर चालली असती, म्हणाला."

काकूचा चेहरा असा खुलायचा, की दिवा तिच्यापुढे फिका पडावा. मग ती प्रसाद वाढायला जायची ती जवळजवळ पळतच.

बुवांचा निरोप रोज वेगळा. कधी, "खिरीची वाटी आधी संपवली." कधी, "डाळीला आज हात लागलाय तुमचा, वहिनी." एकदा ते म्हणाले, "मीठ जरा पुढे गेलं, पण मुकाट्यानं जेवला." काकूचं तोंड एवढंसं झालं. आणि खरंच, त्या दिवशी प्रसाद घेणारा जो तो पाणी मागत होता! बुवांनी ताटाला बोटही लावलं नव्हतं, हे मी माझ्या पिवळ्या अस्तरानं पाहिलं होतं. मग त्यांना कळलं कसं? तो निरोप त्यांना कुठून यायचा, ते मला आजतागायत उमगलेलं नाही. मला दिसायचं ते एवढंच, की भाताची वाफ वर जायची, समईची ज्योत हलायची आणि भात होता तेवढाच असायचा.

एकदा एक चिमुरडी माझ्याखालच्या फटीला डोळा लावून पालथी पडली. काकूनं तिला ओढून बाजूला घेतलं. "अगं बाई, कुणी जेवत असताना असं बघतात का?"

"पण नुसते बुवांचे पाय दिसतात! टाचांना भेगा पडल्यात," चिमुरडी म्हणाली. सगळं देऊळ हसलं. काकूही हसली, पण तिची नजर एकदा त्या फटीकडे गेलीच. स्वतः ती कधी वाकली नाही.

मला धुवायचं, उन्हात घालायचं काम तिचंच. आरतीच्या ज्योतीनं माझा कोपरा जळला, तेव्हा तिनं आपल्या जुन्या पातळाचा तुकडा पानासारखा कापून तिथे शिवला. शिवता शिवता मला म्हणाली, "तू बरा आहेस. तुला रोज दिसतं. मी मेली जन्मभर रांधते, पण तो जेवतो कसा ते एकदा तरी बघायला मिळावं ना!" मित्रांनो, त्या दिवशी मला तोंड नाही याचं फार वाईट वाटलं. आणि तोंड असतं तरी मी तिला काय सांगणार होतो?

पुढे बुवांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. जिना चढवेना. ते लेकीकडे राहायला गेले आणि नवे पुजारी आले. माणूस वाईट नव्हता. त्याला पूजा उरकून नोकरी गाठायची असायची. ताट आत, पाणी फिरवलं, घंटा वाजली, ताट बाहेर. भाताची वाफसुद्धा पुरती वर जायची नाही.

पहिल्या दिवशी काकूनं विचारलं, "जेवला का?"

त्याला कळलंच नाही. "कोण, काकू?"

"नाही... काही नाही."

दुसऱ्या दिवशीही तिनं विचारलं. तो हातातल्या घड्याळाकडे बघत म्हणाला, "ताट धरा काकू, उशीर होतोय." त्यानंतर तिनं विचारायचं सोडलं. पण ताट घेताना ती क्षणभर थांबायची. ती ताटात बघायची. भात तेवढाच. तिचे हात आता मिठाच्या डब्यात घुटमळू लागले. कधी अळणी, कधी खारट. इतक्या वर्षांचा अंदाज असा चुकत गेला. मला बुवांची इतकी आठवण यायची, की जिन्यावर कुणाचंही पाऊल वाजलं तरी मी वाऱ्याचं निमित्त करून हलायचो.

मग कारभारी म्हणाले, रोज रांधायचा खटाटोप कशाला? साखरेची वाटी ठेवली तरी देव पावतो. चूल बंद झाली. माझ्या जागी काचेचं सरकतं दार आलं. दार देखणं आहे, खोटं कशाला बोलू? पण त्याला खाली फट नाही. मला घडी घालून चपलांच्या कपाटावर ठेवलं. तिथे धूळ खात पडलो आणि भाताच्या वासासाठी झुरलो. मित्रांनो, पडद्याला भूक नसते, पण ज्या वासात जन्म गेला तो वास नसला की सुनं सुनं होतं.

एके दिवशी काकू आली. "हा मला नेऊ का?"

"न्या की," नवे पुजारी म्हणाले. "फरशी पुसायला चांगला आहे."

काकूनं मला खांद्यावर टाकलं. घरी नेऊन तिनं मला धुतलं, उसवलेली शिवण घातली आणि आपल्या स्वयंपाकघराच्या दारात टांगलं. आत फळीवर तिचा वीतभर उंचीचा देव. दारही बुटकं, त्यामुळे मी इथे आखूड पडलो नाही! दुसऱ्या दिवशी तिनं भात, डाळ, भाजी, खीर असं सगळं रांधलं. चव घेतली नाही. ताट देवापुढे ठेवलं, मला सर्रकन ओढलं, आणि माझ्या लक्षात आलं की आज काकू आत आहे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पडद्याच्या आत.

ती ताटाकडे बघत बसली. डोळ्यांची पापणीही हलेना. वाफ वर गेली, विरळ झाली. ज्योत हलली. भात तेवढाच. मला वाटलं आता हिला रडू फुटणार. माझ्या तर कड्या गार पडल्या. काकूचे डोळे भरलेही. मग तिनं ते पुसले, हळूच वळली, देवाकडे पाठ करून माझ्याकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. "सावकाश होऊ दे," ती म्हणाली. "मला कुठे जायचंय?"

खूप वेळानं तिनं घंटा वाजवली आणि मला बाजूला केलं. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बुवा बसले होते. तिनंच त्यांना जेवायला बोलावलं होतं. काठी टेकत, लेकीचा हात धरत ते नुकतेच येऊन टेकले होते. म्हातारपणानं पार वाळले होते. त्यांनी मान वर केली आणि अगदी हळू विचारलं, "वहिनी, जेवला का?"

काकू ताट घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. माझ्या कापडाचं टोक तिच्या खांद्यावर होतं.

"जेवला," ती म्हणाली. "भाजी अजून असती तर चालली असती, म्हणाला."

बुवांचा चेहरा खुलला. अगदी पूर्वी तिचा खुलायचा तसा.

मित्रांनो, मला उन्हात घाला, उसवलो तर टाका घाला, एवढं तर कुठलाही पडदा मागेल. माझं मागणं थोडं वेगळं आहे. तुमच्याही घरात कुणीतरी रांधून, ताट पुढे करून, हात पुसत उभं असेल. त्यांना ताटकळत ठेवू नका. जेवण कसं झालं होतं, ते त्यांनी विचारायच्या आधी सांगा.