हॉस्टेटरांच्या गाडीची मागची काच

त्या शनिवारी आम्ही मीठ आणायला गेलो होतो. खायचं नव्हे, आमच्या गावचं पाणी जड आहे, ते मऊ करणाऱ्या यंत्रात गोणीभर मीठ ओतावं लागतं. वेंडेल हॉस्टेटर हार्डवेअरच्या दुकानात शिरला होता. त्याची मुलगी मार्नी माझ्या पुढच्या सीटवर पाय वर घेऊन बटाट्याचे फ्राइज खात बसली होती. तिचा फोन वाजला. तिने बोटं माझ्याच सीटला पुसली, वाचलं, आणि खायची थांबली.

वेंडेल खांद्यावर गोणी घेऊन आला.

"बाबा, ॲशकॉम्बचं उत्तर आलं."

"मग?"

"घेतलं त्यांनी मला."

गोणी खाली पडून फुटली. अशा वेळी बाप मुलीला जवळ घेतो असं मी ऐकून आहे. वेंडेलने आधी माझा समोरचा खण उघडला आणि आतून ॲशकॉम्ब विद्यापीठाचं निळं स्टिकर काढलं.

मी ही त्यांची गाडी. सात जण बसतील एवढी मोठी, आणि जन्मभर तिघांना वाहिलेली. आता दोघांना. कारखान्यात मला जोडलं तेव्हा प्रत्येक भागाची तपासणी झाली. मागच्या काचेची मात्र खरी किंमत कुणी मला सांगितली नाही. ती मला इथे, ओहायोत, कळली. आमच्याकडे आपलं मूल कुठल्या कॉलेजात जातं हे चारचौघांत सांगत सुटणं असभ्य समजतात. म्हणून ते गाडीच्या मागच्या काचेवर चिकटवतात. मग लाल दिव्याशी मागे थांबलेल्या परक्या माणसालाही ते वाचल्याशिवाय सुटका नसते, आणि सभ्यपणाही राहतो.

आमच्या शेजारच्या गिल पॉटरची गाडी बघा. तिच्यावर ॲशकॉम्बचं स्टिकर आहे. त्याचा मुलगा तिथे डॉक्टर व्हायला गेला होता. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पहिल्या परीक्षेनंतर त्याला आपली खरी आवड जाहिरात ही आहे असा साक्षात्कार झाला.

"डॉक्टर नाही झाला," गिल म्हणतो, "पण कुठून नाही झाला ते बघ!"

मार्नीला डॉक्टर व्हायचं आहे. त्यासाठी आमच्याकडे आधी चार वर्षं कुठल्यातरी कॉलेजात काढायची आणि मग वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात उभं राहायचं. या चार वर्षांना सगळे प्री-मेड म्हणतात. त्या नावाची पदवी बहुतेक ठिकाणी मिळत नाही, पण पहिल्या वर्षी निम्मा वर्ग तेच शिकत असतो.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही कॉलेजं पाहत हिंडलो. तेव्हा मला डोरीन चालवायची. डोरीन म्हणजे मार्नीची आई. ती रुग्णालयात श्वासाची यंत्रं सांभाळायची. तिलाही एके काळी डॉक्टर व्हायचं होतं. एका नामांकित विद्यापीठाच्या भरगच्च सभागृहात शेवटच्या रांगेत बसून तिने पहिलं वर्ष काढलं आणि तिथेच तो विचार सोडला. वेंडेल शेजारी बसून नकाशा चुकीचा वाचायचा. मला प्रत्येक ठिकाणी सर्वांत लांबच्या वाहनतळावर उभं करत. त्यामुळे आत काय घडलं ते मला परतीच्या वाटेवरच कळे.

आणि आत सगळीकडे तेच घडलेलं असे. एक हसरी विद्यार्थिनी उलट पावली चालत पाहुण्यांना परिसर दाखवी. चढायची भिंत दाखवी, पाच प्रकारचं दही-आइस्क्रीम दाखवी. मग म्हणे, "आमच्याकडून वैद्यकीयला अर्ज करणाऱ्यांपैकी नव्वद टक्के निवडले जातात!" सगळे आईबाप मान डोलावत. मग डोरीन हात वर करी.

"पहिल्या वर्षी डॉक्टर व्हायचं म्हणून किती जण येतात? आणि त्यातल्या किती जणांना तुम्ही अर्ज करू देता?"

ॲशकॉम्बला या प्रश्नाने ती उलट चालणारी पोरगी बाकावर आपटली.

"काय गं आई! लाज आणलीस," परत येताना मार्नी म्हणाली.

"लाज मला का? चाळणी लावून वरचेच पुढे पाठवायचे आणि आम्ही शंभरातले नव्वद काढतो म्हणायचं. असा स्वयंपाक मीही करते. करपलेलं कुत्र्याला घालते, उरलेलं टेबलावर ठेवते."

"आपल्याकडे कुत्रा कुठेय?" वेंडेलने विचारलं.

"तू आहेस ना."

वेंडेल मात्र प्रत्येक कॉलेजच्या दुकानातून एक स्टिकर घेऊन येई. असू दे, म्हणे. माझा खण भरत गेला. चिकटवायचं काम डोरीनचं असं आधीच ठरलं होतं, कारण वेंडेल काहीही चिकटवतो त्यात बुडबुडे राहतात.

शेवटचं टॅमरॅक कॉलेज. घरापासून तासाभरावर, मक्याच्या शेतांमध्ये. रविवार होता, दुकान बंद होतं, त्यामुळे स्टिकर मिळालं नाही. वाहनतळावर दुसरी गाडीच नव्हती, म्हणून मला थेट प्रयोगशाळेच्या दारासमोर जागा मिळाली. तिथे डोरीनने तोच प्रश्न विचारला तेव्हा फिरवणारा मुलगा म्हणाला, "मला माहीत नाही, थांबा," आणि आत जाऊन कपाळावर चष्मा चढवलेल्या एका प्राध्यापक बाईंनाच घेऊन आला. त्यांचं नाव ग्रिग्ज.

"निम्मे गळतात," ग्रिग्जबाई म्हणाल्या. "काहींना नकोच असतं, ते कळलं तर बरंच. ज्यांना हवं असतं त्यांना मी संध्याकाळी घेऊन बसते. अर्ज कुणाचाही अडवत नाही." मग मार्नीकडे वळून म्हणाल्या, "रसायनशास्त्र कसं आहे तुझं?"

"वाईट."

"छान. मग येत जाशील माझ्याकडे."

 परतताना डोरीन गाणं गुणगुणत होती, तेही बेसूर.

ऑक्टोबरात एका सकाळी डोरीन मला घेऊन रुग्णालयात गेली, या वेळी कामावर नाही. आठवडाभराने मला वेंडेलने घरी आणलं. तो तिच्यापेक्षा चांगला हातभर उंच आहे. तेव्हापासून तो गुडघे स्टिअरिंगला लावून मला चालवतो.

"बाबा, सीट मागे घे की."

"बरं आहे मला."

तर ॲशकॉम्बचं उत्तर आलं आणि वेंडेलमध्ये पुन्हा जीव आला. शेजाऱ्यातही आला.

"काय वेंडेल, काच अजून रिकामीच?" गिल कुंपणावरून विचारी.

"एक मेपर्यंत मुदत आहे."

"मुदत निर्णय घ्यायला असते रे. ॲशकॉम्बला निर्णय कसला घ्यायचा?"

टॅमरॅकचंही पत्र आलं होतं. वेंडेलने ते फ्रिजवर चुंबकाने लावलं आणि वर पिझ्झावाल्याचा कागद लावला. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी त्याने काच धुतली, बादली खाली ठेवली आणि निळं स्टिकर हातात घेतलं. मार्नी बाहेर आली.

"बाबा, नको."

"तुझ्या आईने तुला तिथेच पाठवलं असतं. एवढं मोठं नाव!"

"आईने तिथे काय विचारलं, आठवतंय?"

"ती सगळीकडेच विचारायची."

"आणि उत्तर कुठे मिळालं?"

वेंडेलने स्टिकर बादलीच्या कडेवर ठेवलं.

"लोक म्हणतील, आई गेली म्हणून पोरगी घराजवळ राहिली," तो हळूच म्हणाला. "माझ्यासाठी थांबू नकोस, मार्नी. मला यंत्रात मीठ घालता येतं."

"तुझ्यासाठी नाही थांबत. तिथे मी शेवटच्या रांगेत बसेन, बाबा. मला माहितीये मी कशी आहे. मला डॉक्टर व्हायचंय, नुसतं तिथून आले म्हणायचं नाहीये. बस, मी चालवते."

ती माझ्या सीटवर बसली. आरसा हलवावा लागला नाही, सीटही नाही. वेंडेलने ते पाहिलं आणि दुसऱ्या बाजूने येऊन बसला. तासाभराने आम्ही टॅमरॅकला पोचलो. त्या दिवशीही दुकान बंदच होतं. प्रयोगशाळेच्या दारासमोर, माझ्याच पोटात बसून, मार्नीने फोनवर होकार कळवला.

गिल दोन दिवस कुंपणाशी आला नाही. मग आला. "टॅमरॅक? ते कुठेशी आलं?" वेंडेल म्हणाला, "तुला डॉक्टर लागला की सांगतो." मला त्याचा अभिमान वाटला, जो मला एरवी फारसा वाटत नाही.

आता ऑगस्ट उजाडलाय. माझ्यात चादरी, दिवा आणि खोकी भरली आहेत. तुम्ही कधी लाल दिव्याशी माझ्या मागे थांबलात आणि तुमचंही मूल डॉक्टर व्हायचं म्हणत असेल, तर काचा वाचत बसू नका. डोरीनचा प्रश्न विचारा. कुणी बाकावर आपटलंच तर आधी उठायला हात द्या.

टॅमरॅकने स्वागताच्या पाकिटातून हिरवं स्टिकर पाठवलं आहे. चिकटवायचं काम डोरीनचं, म्हणून ते माझ्या डॅशबोर्डवर पडून उन्हाने कडेला वळलंय. वेंडेल दर रविवारी काच धुतो. मार्नी सुक्या फडक्याने पुसते. मग दोघं थोडा वेळ माझ्या मागे उभे राहतात आणि आत जातात.

स्टिकर अजून कुणी लावलेलं नाही.