मधला खांब

शाळेच्या नव्या इमारतीच्या नकाशातून सभागृहातला मधला खांब काढता येणार नाही, हे ती कालपासून साहेबांना घसा फोडून सांगत होती. वरच्या मजल्याचा खांब नेमका त्याच्यावर उभा होता आणि वर पोरांचे वर्ग भरणार होते. पण स्टेजसमोर खांब नको म्हणून संस्था हटून बसलेली, आणि साहेब तिथे मान डोलावून आलेले.

"तुझं राहू दे. कॉम्प्युटरवरच्या सल्लागार प्रोग्रामला विचार," साहेब म्हणाले. प्रोग्राम बोलेल ती त्यांच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ.

तिने माहिती भरली. उत्तर आलं: खांब काढू नये.

"बघ! त्याला बरोबर कळतं!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने 'का?' दाबलं. पडद्यावर नियम आला आणि त्याखाली तो भरणाऱ्याचं पद: कनिष्ठ अभियंता. ऑफिसात कनिष्ठ अशी ती एकटीच. प्रोग्राममध्ये नियम भरायचं काम आलं तेव्हा सगळ्या ज्येष्ठांनी 'कारकुनी' म्हणून नाकं मुरडली होती आणि ते हिच्या गळ्यात मारलं होतं.

"म्हणजे हे तूच..."

"मीच. फक्त माझं ऐकायला तुम्हाला पडदा लागला."

साहेब ओशाळले. मग खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

"बरं बाई. संस्थेला मी सांगतो. पण स्टेजच दुसऱ्या भिंतीला नेलं तर?"

"आता कसं बोललात!" म्हणत तिने नकाशा त्यांच्याकडे फिरवला.