पोटात अडकलेलं लग्न

मित्रांनो, काळाचौकीच्या एका चाळीत ज्याचं सारं आयुष्य गेलं, तो जुना व्हीसीआर मी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखं यंत्र पाहिलंही नसेल. तुम्ही मोबाइलवर बोट टेकवता आणि सिनेमा सुरू होतो. माझ्या काळी पुस्तकाएवढी काळी कॅसेट माझ्या तोंडात सरकवावी लागे. मी ती आत ओढून घ्यायचो, तिच्यातली तपकिरी फीत पोटात फिरवायचो आणि मग टीव्हीवर चित्र उमटायचं.

मला घरी आणलं भिवांनी. ते गोदीत कामाला होते. घरात पत्नी राधाबाई, मोठी मुलगी दीपिका आणि धाकटा राजरत्न. रविवारी माझा मोठा मान असे. शेजारपाजारची माणसं खोलीत मावत नसत, म्हणून मला आणि टीव्हीला उंबऱ्यापाशी मांडत आणि गॅलरीत सतरंज्या पडत. चौदा एप्रिलला तर मला खाली मंडपात नेत. परत आणल्यावर भिवा स्वतः मऊ फडक्याने मला पुसत.

पुढे दीपिकाचं लग्न झालं. त्याची कॅसेट आली, एकच प्रत. एका दुपारी घरात कुणी नसताना भिवांनी ती मला लावली. लेक सासरी गेल्यापासून त्यांना करमत नव्हतं. पण चित्र यायच्या आतच व्होल्टेज वाढलं, माझ्यातून जळका वास आला आणि मी बंद पडलो. कॅसेट आतच राहिली, तोंडावरचं झाकण मिटलं. “दुरुस्तीला टाकतो तुला,” असं म्हणत त्यांनी माझ्यावर फडकं घातलं. त्याच आठवड्यात कामावर असताना त्यांच्या छातीत कळ आली, आणि ते घरी परतलेच नाहीत.

दुःख थोडं ओसरल्यावर सगळ्यांना त्या कॅसेटची आठवण झाली. भिवांचा आवाज आता फक्त तिच्यातच होता. तिचा खोका सापडला, पण तो रिकामा होता. राजरत्न मित्रांना कॅसेटी द्यायचा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

“राजा, बाबांची कॅसेट कुणाला दिलीस?” दीपिकाने विचारलं.

“मी हातसुद्धा लावला नाही, ताई.”

“मग तिला काय पाय फुटले? कुणीतरी तिच्यावर क्रिकेटची मॅच रेकॉर्ड करून लग्न पुसून टाकलं असणार!”

मित्रांनो, मी चार हातांवर होतो. कॅसेट माझ्या पोटात होती. पण मी बंद पडलोय एवढंच त्यांना ठाऊक होतं. शेवटची कॅसेट कुणी लावली आणि कोणती, हे कुणीच पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून बहीणभावाचं बोलणं तुटलं. दीपिका आईला भेटायला यायची, तेही राजरत्न कामावर असताना.

मला दुरुस्तीला टाकायचं राहूनच गेलं. घरात सीडी प्लेअर आला, मग डीव्हीडी, मग पेन ड्राइव्ह. शेवटी जो तो आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून बसू लागला. मी माळ्यावर धूळ खात होतो. धुळीचं काही वाटत नव्हतं, पोटातल्या ओझ्याचं वाटत होतं.

यंदा चाळ पाडायचं ठरलं. सामान आवरायला दीपिकाही आली. राजरत्न समोरच होता, पण दोघं राधाबाईंमार्फत बोलत होती. मला ई-कचऱ्याच्या पोत्यात घालायला राजरत्नच्या मुलीने, रश्मीने, उचललं. माझा जीव खालीवर झाला! तिने सहज माझ्या तोंडात बोट घातलं.

“पप्पा, थांबा. आत काहीतरी अडकलंय.”

राजरत्नने पेचकस आणला आणि माझं झाकण उघडलं. कॅसेटवर भिवांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘दीपिका, मंगल परिणय’. राधाबाईंनी ती हातात घेऊन पदराने पुसली.

पण फितीला बुरशी लागली होती. दादरच्या दुकानदाराने सांगितलं, “साफ करून बघतो, खात्री देत नाही.” ते दिवस सगळ्यांना जड गेले. मलाही.

अखेर रश्मी धावतच आली. “आलं! सगळं नाही, पण आलंय!”

रिकाम्या होत चाललेल्या त्या खोलीत तिने लॅपटॉप जमिनीवर ठेवला. मी झाकण उघडं टाकून कोपऱ्यात पडलो होतो. आधी नुसत्या रेघा आल्या. मग पांढऱ्या सदऱ्यातले भिवा दिसले, कॅमेऱ्यापुढे हात हलवत. “अरे, माझं काय घेतोस? तिकडे पंगतीत भात पोचला का बघ!”

“बघा, लेकीच्या लग्नातसुद्धा भाताचीच काळजी!” राधाबाई रडता रडता हसू लागल्या.

दीपिका राजरत्नच्या शेजारी सरकली. “राजा, इतकी वर्षं मी तुझं काही ऐकलंच नाही रे.”

“ताई, आता तरी गप बस,” तो डोळे पुसत म्हणाला. “बाबांचं ऐकू येत नाहीये.”

मित्रांनो, माझं पोट रिकामं झालं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! उद्या मी ई-कचऱ्यात जाईन. माझ्यातली तार, पत्रा कुणाच्या तरी उपयोगी पडेल. जुनी यंत्रं कायम जपून ठेवा, असा हट्ट मी धरणार नाही. तुमच्या घरात तेवढी जागा कुठे आहे? पण टाकण्याआधी एकदा आत बघा. आणि घरातलं कुणी ‘मी नाही घेतलं’ म्हणालं, तर त्याच्याशी बोलणं बंद करू नका. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.